विझलेल्या दिव्यांची समीक्षा

विसाव्या शतकाच्या मध्यावरील फ्रेंच दिव्यांविषयीचे एखादे जाडजूड, गुळगुळीत कागदावर छापलेले पुस्तक उघडावे, तर त्यातले पुष्कळसे दिवे विझलेले दिसतात. कारण साधे आहे. पेटलेला दिवा छायाचित्रात नीट येत नाही. बल्बभोवती पांढरा डाग पडतो, आकाराच्या कडा उजेडात विरघळतात, आणि ज्या वळणासाठी पुस्तक काढले ते वळणच दिसेनासे होते. म्हणून छायाचित्रकार दिवा मालवतो आणि त्याच्यावर बाहेरून दुसऱ्या दिव्यांचा प्रकाश सोडतो. मग काळ्या पत्र्याचा डौल आणि पितळी सांध्याची चमक स्पष्ट उमटते. लिलावगृहांच्या याद्यांतही हाच शिरस्ता दिसतो. दिव्याने प्रकाश द्यायचा सोडून घेत बसावे, यातला विनोद सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

साहित्याच्या चर्चेसाठी असलेल्या या जागेवर दिव्यांचा विषय कशासाठी, असे आमचे नेहमीचे वाचक विचारतील. त्याचे कारण एका शब्दात आहे, आणि तो शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे : अलंकारिक. मराठी समीक्षेत गेली कित्येक दशके हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने ‘या कवीची भाषा अलंकारिक आहे’ असे म्हटले, की कवी निकालात निघाला असे सगळेच समजतात. फ्रान्समध्ये दिवे घडवणाऱ्यांवरही नेमक्या याच शब्दाचा आळ होता. ‘देकोरातीफ’, म्हणजे सजावटी. त्यांनी त्या आळाचे काय केले, हे पाहिल्यास आपल्या शब्दाकडेही जरा निराळ्या नजरेने पाहता येईल, असे आम्हांस वाटते.

प्रकरण अर्थातच जुने आहे. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याच्या ‘अलंकरण आणि गुन्हा’ या निबंधाचे फ्रेंच भाषांतर १९१३ साली आले आणि १९२० साली ल कॉर्बुझिएच्या ‘लेस्प्री नूव्हो’ या नियतकालिकात ते पुन्हा छापले गेले. पॅरिसच्या तरुण वास्तुकारांच्या डोक्यात हा निबंध तेथून पक्का बसला. शीर्षकात ‘आणि’ आहे. लोकांनी वाचले ते ‘म्हणजे’. अलंकरण म्हणजे गुन्हा. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी या दोन अव्ययांतला फरक विसरू नये. स्वतः लोसने व्हिएन्नाच्या मिखाएलर चौकातली आपली प्रसिद्ध इमारत उभारली, तेव्हा तिच्या खालच्या भागाला हिरव्या शिरांचा संगमरवर लावला. त्या शिरा कोणी कोरल्या नव्हत्या, त्या दगडातच होत्या, एवढेच. म्हणजे लोसचा राग सुंदर दिसण्यावर नव्हता. वरून चिकटवलेल्या श्रमावर होता. पण घोषणा जन्माला आली की निबंध कोण वाचतो ?

१९२५ साली पॅरिसमध्ये सजावटी आणि औद्योगिक कलांचे ते विख्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याच वर्षी ल कॉर्बुझिएने सजावटी कलेवर हल्ला चढवणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच प्रदर्शनात आपला ‘लेस्प्री नूव्हो’ मंडपही उभारला. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, सजावटकारांच्या जुन्या संस्थेतून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी आधुनिक कलावंतांचा संघ काढला. अशा रीतीने ‘आधुनिक’ आणि ‘सजावटी’ हे दोन पक्ष झाले. पुढच्या पिढीने कोणत्या तरी एका बाजूला नाव नोंदवावे, अशी अपेक्षा होती.

युद्धानंतरच्या पिढीने तसे केले नाही. त्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा छताची उंची अधिक कारणीभूत होती. युद्धाने फ्रान्समध्ये घरांची प्रचंड टंचाई निर्माण केली. जी नवी घरे भराभर उभी राहिली ती लहान होती आणि बुटकी होती. १९५२ साली पुऱ्या झालेल्या मार्सेय येथील ल कॉर्बुझिएच्या वसतिसंकुलात खोल्यांची उंची २ मीटर २६ सेंटिमीटर आहे. अशा खोलीत झुंबर टांगले तर ते डोक्याला लागेल. झुंबर हा एका विशिष्ट समाजरचनेचा दिवा आहे : उंच छत, मधोमध प्रकाश, भोवती पाहुणे. ते गेल्यावर प्रकाशाला खोलीच्या मध्यावरून हलणे भाग पडले. तो भिंतीवर गेला, कोपऱ्यात उभा राहिला, आणि लांब हात करून जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचू लागला. एकाच खोलीत जेवण, अभ्यास, झोप सगळे होणार असेल तर दिव्यालाही एकाच जागी बसून चालत नाही.

जाँ प्रुवेचा ‘पोतांस’ हा भिंतीवरचा दिवा या गरजेचे सर्वांत उघडे रूप आहे. सुमारे २ मीटर लांबीची एक धातूची नळी, ती भिंतीपाशी फिरते. वरून एक ताण दिलेली तार, टोकाला एक बल्ब. बस्स. याहून कमी साहित्यात दिवा होणार नाही. तरीही भिंतीवरून खोलीत झेपावणारी ती रेषा पाहिली की नुसते काम भागवण्याच्या पलीकडे काही तरी झाले आहे, हे मान्य करावे लागते. प्रुवे हा धातूचे कारखाने चालवणारा माणूस. सजावटकार म्हणवून घेणे त्याला रुचले नसते.

मात्र आम्हांस मुख्यतः बोलायचे आहे ते सेर्ज मूय यांच्याविषयी. मूय यांचा जन्म १९२२ सालचा, पॅरिसचा. त्यांचे शिक्षण चांदीच्या कारागिरीचे. पुढे त्याच विद्यालयात त्यांनी ती कला शिकवलीही. ही गोष्ट महत्त्वाची आहे. हा माणूस वास्तुशास्त्राकडून किंवा वीजशास्त्राकडून दिव्याकडे आला नाही. तो हातोडीकडून आला. धातूचा पत्रा कोठे ताणतो, कोठे रुसतो, किती ठोकला म्हणजे फाटतो, हे ज्याच्या मनगटाला ठाऊक असते अशा कारागिराच्या हातात दिवा पडला. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकामाचा नाद ऐकला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते चटकन कळेल.

१९५० च्या दशकाच्या आरंभी सजावटकार जाक आदने यांनी मूय यांना मोठे दिवे करायला सांगितले. त्या वेळी इटालियन दिवे बाजारात येऊ लागले होते, आणि मूय यांना ते फार गुंतागुंतीचे वाटत. त्यांनी उत्तर म्हणून जे केले ते आज ‘काळे आकार’ या नावाने ओळखले जाते. तीन हातांचा उभा दिवा, कोळ्यासारखे पाय पसरलेला छताचा दिवा, भिंतीवरचा ‘डोळा’. काळ्या रंगाच्या बारीक नळ्या, पितळेचे छोटे सांधे, आणि टोकाला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ती प्रसिद्ध टोपी, बाहेरून काळी, आतून पांढरी. टोपीच्या पाठीवर एक उंचवटा असतो. त्याचा आकार सरळसरळ स्तनाग्राचा आहे, आणि फ्रेंचमधले त्याचे नावही संकोच न करता तेच सुचवते.

आता या उंचवट्याकडे जरा थांबून पाहू. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, की ही कलावंताची लहर असेल, किंवा त्या काळच्या पॅरिसमधील अतिवास्तववादी खोडसाळपणाचा अवशेष असेल. पण बल्बला होल्डर लागतो, होल्डर कोठे तरी बसवावा लागतो, आणि टोपी उथळ ठेवायची असेल तर त्याला पाठीमागे जागा करून द्यावी लागते. तो उंचवटा ही ती जागा आहे. आतल्या पांढऱ्या रंगामुळे प्रकाश परावर्तित होऊन नेमका हवा तेथे पडतो. बाहेरच्या काळ्या रंगामुळे डोळ्यांना झळ लागत नाही आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याचे शरीर जवळजवळ नाहीसे होते. पितळी सांधा दिसायला दागिन्यासारखा आहे. पण तोच फिरतो, म्हणून दिवा पुस्तकाकडे वळवता येतो. दागिना काढून घ्या, दिवा थिजेल.

आनंदवर्धनाने अलंकाराची कसोटी सांगितली आहे ती हीच. जो अलंकार घडवण्यासाठी कवीला वेगळा यत्न करावा लागत नाही, रसाच्या ओघातच जो आपोआप येतो, तो खरा. अपृथग्यत्ननिर्वर्त्य हा त्याचा शब्द. त्याच्या ग्रंथाच्या नावात ‘आलोक’ आहे, आणि प्रकाश हवा असलेला माणूस दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, हा दृष्टान्तही त्याच्याच ग्रंथातला. संस्कृत काव्यशास्त्राने तर दिव्यालाच अलंकारांत बसवले आहे. भरताने नाट्यशास्त्रात मोजलेल्या चार अलंकारांपैकी दीपक हा एक. एकदाच योजलेला शब्द अनेक वाक्यांगांवर उजेड पाडतो, उंबऱ्यावरचा दिवा घरात आणि अंगणात दोन्हीकडे उजळतो तसा. जेथे दिवा हेच अलंकाराचे नाव आहे तेथे ‘अलंकारिक’ हा शब्द अंधाराचा समानार्थी व्हावा, हे आपल्या समीक्षेने आपल्यावरच ओढवून घेतलेले दारिद्र्य आहे.

येथपर्यंत आमचे म्हणणे बहुतेकांना पटेल, आणि नेमके म्हणूनच ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. आम्ही आत्ता काय केले ते पाहा. मूय यांचा उंचवटा निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी तो उपयोगी आहे असे दाखवले. म्हणजे आरोपीचा बचाव करताना फिर्यादीचाच कायदा मान्य केला. अलंकार गुन्हा आहे, पण हा अलंकार नाहीच, हे काम आहे. सबब सोडून द्यावे. मराठीच्या वर्गातही आपण हेच करतो. प्रतिमा सुंदर आहे असे म्हणण्याची आपल्याला लाज वाटते. मग ‘ती आशयाला गती देते’, ‘ती अनुभवाचे संघटन करते’ अशी तिची चाकरी सिद्ध करून आपण तिला आत घेतो.

या बचावाची मर्यादा ज्याच्यापाशी उघडी पडते तो जाँ रोयेर. रोयेर हा १९०२ साली जन्मलेला, आयात-निर्यातीच्या व्यवसायातून १९३१ च्या सुमारास सजावटीकडे वळलेला मनुष्य. इराणचे शहा, इजिप्तचा राजा फारूक अशी त्याची गिऱ्हाइके. युद्धानंतर कैरो आणि बैरूत येथे त्याने कार्यालये थाटली. पुरोगामी इतिहासकाराला आवडावे असे त्याच्या चरित्रात फारसे काही नाही. त्याचा ‘लियान’ नावाचा भिंतीवरचा दिवा घ्या. लियान म्हणजे वेल. धातूच्या बारीक काड्या एका ठिकाणाहून निघतात आणि भिंतभर वळणे घेत पसरतात. प्रत्येकीच्या टोकाला एक छोटी शंकूच्या आकाराची टोपी, फुलासारखी. एकीची उंची दुसरीला जुळत नाही. त्या वळणांना काही काम नाही. काडी सरळ गेली असती तरी टोपी तेथेच पोहोचली असती. विजेला वेलीच्या वळणाची गरज नसते.

रोयेरच्या वेलीचा बचाव आनंदवर्धनाच्या कसोटीने होणार नाही. तेथे वेगळा यत्न स्पष्ट दिसतो. त्यासाठी वामनाकडे जावे लागते, ज्याने अलंकार म्हणजे सौंदर्यच, असे सरळ सांगून टाकले. आमचे स्वतःचे मत असे, की रोयेरची वेल चांगली आहे, आणि ती चांगली असण्यासाठी तिला दुसरे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. उलट ‘मी उपयोगी आहे’ असा बहाणा न करणे हा तिचा प्रामाणिकपणा आहे. युद्धातून बाहेर पडलेल्या माणसांना संध्याकाळी खोलीत शिरताना भिंतीवर काही तरी उमललेले दिसावे असे वाटले, तर तो कोणाविरुद्ध केलेला गुन्हा ? हे मत सर्वांना पटणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. ज्यांना तो दिवा गोडगोड वाटतो त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. फक्त ‘गोड’ हा आक्षेप आणि ‘सजावटी’ हा आक्षेप एकच नाहीत, एवढे त्यांनी मानावे.

या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ मंडळी आहेत. त्यांपैकी दोघांना ओलांडून जाणे बरे नव्हे. मात्यू मातेगो हा मूळचा हंगेरियन. युद्धात तो फ्रेंच बाजूने लढला, जर्मनांच्या कैदेत पडला, निसटला. त्याने छिद्रांचा पत्रा वाकवून, दुमडून वस्तू करण्याची एक पद्धत शोधली आणि तिला ‘रिजितूल’ हे नाव दिले. ताठ या अर्थाच्या शब्दाला जाळीदार तलम कापडाचे नाव जोडून केलेला हा समास आहे, आणि समास म्हणून फार सुरेख आहे, कारण वस्तूही तशीच आहे : लोखंडाची ओढणी. दिव्याची टोपी या पत्र्याची केली की प्रकाश दोन प्रकारांनी बाहेर येतो, खालून मोकळा आणि अंगातून गाळलेला. भिंतीवर ठिपक्यांचे जे जाळे उमटते ते दिव्यावर कोठेच नसते. ते फक्त दिवा पेटल्यावर असते. विझलेल्या छायाचित्रात मातेगोचा अर्धा अलंकार गहाळ होतो, तो असा. पुढे १९६० च्या दशकात त्याने पत्रा सोडला आणि भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपटांकडे तो पूर्णपणे वळला, आणि ओढणीची गोष्ट खऱ्या धाग्यावर येऊन पोहोचली.

पिएर ग्वारीश हा वयाने सर्वांत लहान, १९२६ चा. पिएर दिस्देरो या उत्पादकासाठी त्याने केलेले दिवे कारखान्यात व्हायचे म्हणून कल्पिलेले होते. ‘तोल’ आणि ‘पतंग’ या अर्थाच्या फ्रेंच नावांनी त्यांतले दोन उभे दिवे प्रसिद्ध आहेत, आणि नावे सार्थ आहेत : लांब दांडी एका बिंदूवर तोलून धरलेली, एका टोकाला प्रकाश आणि दुसऱ्या टोकाला त्याचे उत्तर. मर्ढेकरांचे सौंदर्यविषयक लेखन ग्रंथरूपाने आले ते १९५५ साली, म्हणजे अगदी याच वर्षांत. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची त्रयी शिकवताना फळ्यावर उदाहरण हवे असेल तर ग्वारीशचा दिवा काढून दाखवावा. मर्ढेकरांनी हे दिवे पाहिले असतील असे आम्ही सुचवत नाही. पण एका काळाला एकच प्रश्न अनेक ठिकाणी पडतो.

या सगळ्या दिव्यांविरुद्ध त्या काळी एक आवाज उठू शकत होता, आणि तो लोसचा नव्हता. १९६१ साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी, गास्ताँ बाश्लारने ‘मेणबत्तीची ज्योत’ हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची तक्रार सजावटीबद्दल नाही, विजेबद्दल आहे. तेलाचा दिवा माणसाकडून काही मागत असे. वात सारावी लागे, तेल घालावे लागे, काच पुसावी लागे. त्या सोबतीतून स्वप्नरंजन जन्माला येई. विजेच्या बल्बाने हे सर्व संपवले. आता प्रकाशाचा कारभार दुसरीकडून चालतो आणि माणसाच्या वाट्याला फक्त बटण दाबणे उरते. फ्रान्समधला वीजधंदा १९४६ साली सरकारी मालकीचा झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रकाशाच्या प्रशासनाची ही कल्पना केवळ रूपक राहत नाही.

बाश्लारविषयी आम्हांस अतोनात आदर आहे. ज्योतीवर त्याच्याइतके चांगले क्वचितच कोणी लिहिले असेल. तथापि ज्या शहरात तो राहत होता त्याच शहरात, त्याच दशकात, चांदीकामातून आलेला एक कारागीर विजेच्या दिव्याला सांधे बसवत होता, याची त्याने दखल घेतली नाही. मूय यांचा दिवा नुसता लावायचा नसतो, तो वळवायचा असतो. वाचायला बसताना टोपी खाली ओढायची, पाहुणा आला की भिंतीकडे फिरवायची, झोपताना मूल जागे होऊ नये म्हणून कोपऱ्यात तोंड करून ठेवायची. बटणाने जे हातातून काढून घेतले ते सांध्याने परत दिले. तेलाच्या दिव्याची आर्जवे यात नाहीत, हे खरे. पण संबंध आहे. आणि तो संबंध ज्या ठिकाणी घडतो ते ठिकाण म्हणजे पितळेचा तो दागिना, ज्याला आपण सजावट म्हणून वेगळा काढतो.

बाश्लारचा मुद्दा एका बाबतीत मात्र अधिकाधिक खरा ठरत आहे. हे दिवे तापणाऱ्या तारेच्या बल्बासाठी कल्पिलेले होते. युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या वर्षांत ते बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. आज त्याच टोप्यांमध्ये एलईडी बसवतात. तो प्रकाश वाईट असतो असे नव्हे. पण बल्ब बदलला की टोपीने दिलेले उत्तर जुन्या प्रश्नाचे उरते. जुन्या छंदाच्या वृत्तात नवी भाषा बसवताना जे होते तेच.

आता एका आक्षेपाला तोंड द्यायला हवे, कारण तो आमच्याच मंडळींतून येतो. हे सगळे श्रीमंतांचे चोचले नव्हेत काय ? रोयेरचे तर उघडच होते. मूय यांचे दिवेही हाताने घडवलेले, थोडे. १९५६ साली पॅरिसच्या बुलव्हार सें-जेर्मांवर उघडलेल्या स्तेफ सिमाँ यांच्या दालनात ते प्रुवे आणि शार्लोत पेरियाँ यांच्या वस्तूंच्या शेजारी विकले जात. तेथे कोण जात असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. मूय यांनी १९६२ साली नळीच्या दिव्यांचे उभे स्तंभ केले, त्यानंतर लवकरच दिव्यांचे काम थांबवले आणि ते शिकवण्याकडे परतले. कारखान्याचे आणि त्यांचे गणित कधी जमले नाही. आक्षेप खोटा नाही. झोर्ज पेरेकची ‘वस्तू’ ही कादंबरी १९६५ साली आली. तिच्या पहिल्या प्रकरणात एका घराचे वर्णन संकेतार्थी क्रियापदांत चालते : असे असते, तसे असते. कादंबरीतले तरुण जोडपे त्या ‘असते’मध्येच जगते. गंमत अशी, की त्यांच्या स्वप्नातले घर कातड्याचे, गालिच्यांचे, जुन्या लाकडाचे आहे. नव्या धातूच्या वस्तूंना श्रीमंतीच्या स्वप्नात अजून मानाचे पान मिळाले नव्हते. ते पुढच्या काळाने, लिलावांनी दिले. तेव्हा दिव्यांनी लोकांकडे पाठ फिरवली की बाजाराने दिव्यांना लोकांपासून उचलून नेले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आपल्याच देशात आहे. चंडीगडसाठी ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली कार्यालयांचे, वसतिगृहांचे, न्यायालयाचे सामान घडले, त्यात दिवेही होते. सुखना तलावाच्या बांधावर सिमेंट काँक्रीटचा जो दिवा लावला गेला, त्याच्या शरीराकडे पाहावे. १९२५ मध्ये सजावटी कलेला हद्दपार करू पाहणाऱ्या माणसाने केलेले ते सरळसरळ शिल्प आहे. वयानुसार माणूस शहाणा होतो असे म्हणावे, की घोषणा तरुणांसाठीच असतात असे म्हणावे? पुढे त्या शहरातल्या खुर्च्या-टेबले-दिवे मोडके ठरले, भंगाराच्या भावात निघाले आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत अफाट किमतींना गेले. केंद्रीय गृहखात्याने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला मनाई केली ती २०११ साली. तोवर बरेच काही निघून गेले होते. ज्या कारकुनाने त्या दिव्याखाली फायली वाचल्या त्याला तो दिवा सुंदर वाटला होता का, हे आम्हांस जाणून घ्यायला आवडले असते. भंगार आणि शिल्प या दोनच अवस्था आपल्या व्यवस्थेला ठाऊक होत्या. दिवा ही तिसरी अवस्था मधल्यामध्ये हरवली.

फ्रान्समध्येही काही निराळे घडले नाही. पॅरिसच्या दक्षिणेला आंतोनी येथे १९५० च्या दशकाच्या मध्यावर विद्यार्थ्यांसाठी एक प्रचंड वसतिगृह बांधले गेले. तेथल्या खोल्यांचे सामान करणाऱ्यांत प्रुवे होते, आणि टेबलावरचा दिवा मूय यांचा. ‘आंतोनी’ याच नावाने तो आजही ओळखला जातो. राजाच्या महालासाठी नव्हे, श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हे. घरापासून दूर आलेल्या, परीक्षेच्या धास्तीने रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलासाठी केलेला हा दिवा. टोपी तीच, उंचवटा तोच. गरिबासाठी करायचा म्हणून त्यातून डौल वगळलेला नाही. आमच्या मते मूय यांच्या सगळ्या कामात हा दिवा सर्वांत मोठा आहे, आणि तीन हातांच्या त्या सुप्रसिद्ध उभ्या दिव्याचे पान उलटून आम्ही प्रथम याच्याकडे जातो.

मूय १९८८ साली वारले. १९९९ पासून त्यांच्या पत्नीच्या पुढाकाराने हे दिवे जुन्याच पद्धतीने, हाताने, क्रमांक घालून पुन्हा घडवले जाऊ लागले. त्यांत ‘आंतोनी’ही आहे. त्याची आजची किंमत वसतिगृहात राहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला परवडणारी नाही. पुस्तकातल्या त्याच्या छायाचित्रात तो काळ्या पार्श्वभूमीवर, किंचित मान वळवून, विझलेला उभा आहे. समोर टेबल नाही, पुस्तकही नाही.